देहाची अमानत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या आत्याच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि शस्त्रक्रियेसाठी तिला जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात आदल्या दिवशीच दाखल केले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास, वॉर्डात चहाचे कप गोळा करण्याची लगबग चालू असताना, एक परिचारिका फळीला अडकवलेले कागद घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक तुम्हीच ना? इथे सही करा, आणि खाली इथे." कागद इंग्रजीत छापलेला होता; शस्त्रक्रियेच्या नावापुढची जागा अजून कोरीच होती; आणि मी, अशा वेळी मनाला घेरून असलेल्या काळजीच्या भरात, तो न वाचता दोन्ही ठिकाणी सही करून मोकळा झालो. आत्या हातभर अंतरावर खाटेवर उशीला टेकून बसली होती. पूर्ण शुद्धीवर, डोळ्यांवर चष्मा आणि मांडीवर सकाळचे वर्तमानपत्र. परिचारिका गेल्यावर तिने विचारले, "सही कसली केलीस रे?" मी सांगितले, "उद्याच्या ऑपरेशनची. संमती लागते त्यांना." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, "पोट माझं, आणि सही तुझी?"

वैद्यकीय व्यवसायाच्या कायद्याविषयी आणि नीतिशास्त्राविषयी त्यानंतर मी जे काही वाचले, त्यातल्या बहुतेक वादांच्या मुळाशी मला आत्याचा तो प्रश्नच उभा असलेला दिसला. आपल्या जुन्या दफ्तरी भाषेत अमानत असा एक शब्द आहे. एकाने विश्वासाने आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावी, आणि दुसऱ्याने ती जिवापाड जपावी, धन्याच्या मर्जीबाहेर तिला हात लावू नये, तिचा बोभाटा करू नये आणि मागेल तेव्हा तिचा हिशेब द्यावा, असा त्या शब्दाचा आशय आहे. रोगी डॉक्टरच्या हवाली आपला देह करतो तेव्हा तो देह डॉक्टरच्या मालकीचा होत नाही, नातेवाइकांच्या तर नाहीच नाही. तो अमानत म्हणून ठेवलेला असतो, आणि वैद्यकाचे कायदे व नीतिनियम कितीही कलमांत आणि पोटकलमांत पसरलेले दिसले, तरी ते याच एका अमानतीच्या निरनिराळ्या अटी होत, असे माझे मत आहे.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, अध्ययनाला आरंभ करणाऱ्या शिष्याला गुरूने अग्नीच्या साक्षीने जो उपदेश करावयाचा, तो विस्ताराने दिलेला आहे. आपल्या जीविताला अपाय झाला तरी रोग्याचा द्रोह करू नये, त्याच्या घरी परिचित माणसाबरोबर आणि अनुज्ञा घेऊन प्रवेश करावा, घरात गेल्यावर वाणी, मन आणि बुद्धी रोग्यावाचून अन्यत्र गुंतवू नये, आणि त्या कुटुंबातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे तो सांगतो. त्याच उपदेशात आणखी एक आज्ञा आहे: रोग्याचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असूनही, ते बोलल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला आघात होणार असेल, तर ते बोलू नये. या आज्ञेत करुणा आहे यात शंका नाही. परंतु काय ऐकावे आणि काय ऐकू नये याचा निर्णय येथे वैद्य करतो, रोगी करत नाही. प्राचीन काळच्या बहुतेक सर्व वैद्यकपरंपरांत, ग्रीक हिपोक्रेटिसाच्या नावाने चालत आलेल्या शपथेतसुद्धा, वैद्य हा पित्यासारखा आहे आणि रोगी अपत्यासारखा, असेच गृहीत धरलेले दिसते.

पित्याच्या या भूमिकेवर अविश्वासाची सावली पडली ती विसाव्या शतकात. जर्मनीतल्या छळछावण्यांत डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा निवाडा न्यूरेंबर्ग येथे झाला, आणि १९४७ साली त्या निकालपत्रात जी दहा सूत्रे घालण्यात आली, त्यांतले पहिलेच सूत्र माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, उपदंशाने पीडित अशा शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही, औषधावाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. आणि हे कृत्य शत्रूने नव्हे, तर त्यांच्याच देशाच्या आरोग्यखात्याने केले. १९७९ साली बीचम आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकी विचारवंतांनी वैद्यकीय नीतीची जी चार तत्त्वे मांडली, आणि जी आज आपल्याकडील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवली जातात, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. रोग्याच्या स्वायत्ततेचा आदर, त्याचे हित साधणे, त्याला अपाय न करणे, आणि सर्वांना न्यायाने वागवणे अशी ती चार तत्त्वे आहेत. त्यांतली मधली दोन चरकाला अपरिचित नव्हती. पहिले मात्र नव्या काळाने, पुष्कळ रक्त सांडल्यानंतर, शिकवलेले आहे.

आता अमानतीची पहिली अट जी जपणूक, तिच्याकडे वळू. या बाबतीत भारतातल्या न्यायालयांनी जो निकाल आधारभूत मानला, त्याचा उगम आपल्याच कोकणकिनाऱ्यावर आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती. पायाला लाकडी फळ्या बांधून, पुढे घाटावरचा लांबचा प्रवास करून, वडिलांनी त्याला पुण्यातल्या एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात आणले. तेथे त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन देण्यात आले. आणि वडिलांच्या फिर्यादीप्रमाणे, योग्य ती भूल न देता, तीन माणसांच्या साह्याने जोर लावून पाय ओढण्यात आला व त्यावर प्लास्टर घालण्यात आले. त्या आघातातून मुलगा सावरला नाही. त्याच दिवशी तो गेला. डॉक्टरांची कैफियत अशी की मृत्यू रक्तात मेदाची गुठळी गेल्याने झाला आणि उपचारात हयगय झाली नाही. खालच्या कोर्टाने ती मानली नाही, उच्च न्यायालयाने मानली नाही, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. नुकसानभरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या पित्याला पैसे हवे होते असे कोण म्हणेल?

परंतु त्या निकालाने देशाला जे दिले त्याचे मोल तीन हजारांत होणारे नाही. जो स्वतःला वैद्य म्हणवून उपचारास सिद्ध होतो, त्याच्यावर तीन प्रकारची दक्षता बंधनकारक आहे, असे न्यायालयाने म्हटले: हा रोगी आपण हाती घ्यावा की नाही हे ठरवतानाची दक्षता, कोणता उपचार द्यावा हे ठरवतानाची दक्षता, आणि तो उपचार प्रत्यक्ष देतानाची दक्षता. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी लोकांत फार गैरसमज आहे. कायदा डॉक्टरकडून यशाची हमी मागत नाही. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकला, असे कायदा मानत नाही. दोन उपचारपद्धती मान्य असताना डॉक्टरने एक निवडली आणि ती फळाला आली नाही, तरी तो दोषी ठरत नाही. त्या शाखेतल्या सामान्य वकुबाच्या, जबाबदार डॉक्टरने तशा परिस्थितीत जेवढे कौशल्य आणि जेवढी काळजी दाखवली असती, तेवढी याने दाखवली की नाही, हीच कसोटी; आणि इंग्लंडातील १९५७ च्या एका खटल्यापासून ती आपल्याकडेही चालत आलेली आहे.

ही काळजी घेतली गेली नाही असे वाटले तर दाद कोठे मागावी? नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, कारण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. ज्या ठिकाणी सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ती रुग्णालये मात्र तिच्या बाहेर राहिली. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते, आणि परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळापुरते किंवा कायमचे कमी करू शकते. फौजदारी मार्गही आहे. परंतु तो मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की साधी चूक अथवा निर्णयातला दोष हा गुन्हा नव्हे, त्यासाठी घोर निष्काळजीपणाच दिसला पाहिजे, आणि पोलिसांनी कारवाई करण्यापूर्वी त्या शाखेतल्या दुसऱ्या निष्पक्ष, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. यात डॉक्टरांना दिलेली सवलत पाहणाऱ्याने हेही पाहावे की, तुरुंगाच्या भयाने ज्याचा हात थरथरतो, तो शल्यचिकित्सक अवघड रोग्याला हात लावण्याऐवजी त्याला पुढच्या शहराकडे पाठवू लागतो, आणि त्याची किंमत शेवटी रोगीच मोजतो.

दुसरी अट धन्याच्या मर्जीची. आणि येथे मी पुन्हा आत्याच्या खाटेपाशी येतो. माझ्याकडून सही घेणारी परिचारिका काही वेगळे करत नव्हती. डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीचे २००२ चे जे विनियम आजही लागू आहेत, त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावयाच्या लेखी संमतीचे कलम वाचले तर पती किंवा पत्नी यांचा उल्लेख आधी येतो, अज्ञान मुलाच्या पालकांचा त्यानंतर, आणि स्वतः रोग्याचा सर्वांत शेवटी. घरातल्या कर्त्याने सही करावी आणि ज्याचा देह त्याने डोळे मिटून पडावे, ही आपल्या कुटुंबपद्धतीत मुरलेली रीत कायद्याच्या शब्दांतही कशी उतरली होती, याचे हे उदाहरण आहे.

ती रीत बदलणारा निकाल २००८ साली लागला. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री मासिक पाळीतील लांबलेल्या रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी तपासणीला गेली. दुर्बिणीने आतून पाहण्यासाठी तिला भूल देण्यात आली, आणि ती बेशुद्ध असतानाच, बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेऊन, तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. डॉक्टरांचे म्हणणे असे की ते तिच्या हिताचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान आणि शुद्ध बुद्धीच्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कुणालाही, मग ती जन्मदात्री का असेना, अशी संमती देता येत नाही. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे. आणि प्राण वाचवण्यासाठी तत्काळ करावे लागणारे कृत्य एवढाच याला अपवाद आहे, पुढच्या वेळचा त्रास आणि खर्च वाचावा म्हणून केलेले कृत्य त्या अपवादात बसत नाही. संमती खरी ठरायची तर रोग काय आहे, उपचार कोणता, त्यात धोका कोणता, दुसरा पर्याय आहे काय, आणि काहीच केले नाही तर काय होईल, एवढ्या गोष्टी रोग्याला समजेल अशा रीतीने आधी सांगितल्या पाहिजेत, हेही त्या निकालाने पक्के केले. असेच आणखी एक उदाहरण गर्भपाताच्या कायद्याचे. १९७१ पासून त्या कायद्याने सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची एकटीची संमती पुरेशी मानली आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरीही ती पुष्कळ ठिकाणी आजही मागितली जाते.

स्वायत्ततेलाही सीमा आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. गर्भात मुलगा आहे की मुलगी हे जाणण्याची इच्छा आईबापांनी कितीही आर्जवाने व्यक्त केली, तरी डॉक्टरने ते शब्दाने किंवा खुणेनेही सांगता कामा नये, कारण त्या एका वाक्याने न जन्मलेल्या मुलीचा घात होतो. या बाबतीत कायदा करण्याचा पहिला मान १९८८ साली महाराष्ट्राने मिळवला आणि सहा वर्षांनी देशाने त्याचे अनुकरण केले. त्या कायद्याचा भंगही आपल्या राज्यात थोडा झाला नाही, हेही तितक्याच खेदाने लिहिले पाहिजे.

अमानत स्वीकारायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एरवी डॉक्टरला आहे. जीव धोक्यात असलेल्या माणसापुढे तो नाही. एका स्कूटरस्वाराला मोटारीने ठोकरले, जवळच्या रुग्णालयाने पोलीस-प्रकरण म्हणून त्याला वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले, आणि वाटेतच तो मरण पावला. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवरून दाखल झालेल्या याचिकेवर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी प्राण वाचवणे हेच त्याचे कर्तव्य आहे. पंचनामा, जबानी आणि बाकीचे सोपस्कार त्यानंतर. अनामत रकमेसाठी ज्यांना दारात तिष्ठत उभे केले जाते, त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. त्याचप्रमाणे बिल थकले म्हणून रोग्याला अडकवून ठेवणे किंवा मृतदेह रोखणे हेही नियमाविरुद्ध आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी मृतदेह रोखण्याला मनाई केली असून, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती केली आहे.

हिशेबाची अट थोडक्यात सांगतो. डॉक्टरने दाखल रोग्याचे कागद तीन वर्षे जपले पाहिजेत, आणि रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्यांच्या प्रती दिल्या पाहिजेत. हेच कागद दुसऱ्या कुणा तिऱ्हाइताला, मालकाला, शेजाऱ्याला किंवा कुतूहलाने चौकशी करणाऱ्या नातलगाला दाखवता येत नाहीत. न्यायालयाचा हुकूम, साथीच्या रोगाची सूचना किंवा दुसऱ्या माणसाला होऊ घातलेला गंभीर धोका, अशा मोजक्या प्रसंगीच गुप्ततेचे बंधन सैल होते. ओपीडीच्या रांगेत, दहा माणसांच्या देखत, "तुम्हाला कुठला आजार आहे?" असे मोठ्याने विचारणे हाही त्या बंधनाचा भंगच आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

उरतो तो सर्वांत अवघड प्रसंग: अमानत सोडून देण्याचा. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची तरुण परिचारिका काम करत होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यानंतर ती पुन्हा पूर्ण जाणिवेत आली नाही. ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयात होती. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या. ज्यांनी अरुणाला चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते, अशा मुलींनी तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले. आणि एवढ्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. तिला या स्थितीतून मुक्त करावे अशी याचिका एका लेखिकेने केली तेव्हा, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीला नसून तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाला आहे, असे ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले. त्या सेवकवर्गाला ती हवी होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. अमानत म्हणजे काय हे मला कुणी विचारले, तर मी कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी त्या परिचारिकांकडे बोट दाखवीन.

तथापि त्याच निकालाने, बरे होण्याची आशा संपलेल्या रोग्याचा कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याची वाटही, कडक अटी घालून, मोकळी केली. २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे ठरवून, शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याच्या दस्तऐवजाला मान्यता दिली. आणि २०२३ साली त्याची किचकट रीत सोपी केली. आता तो दस्त दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येतो, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे एकापाठोपाठ विचार करून निर्णय देतात. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचा असा दस्त करून इतरांना वाट दाखवली. मृत्यूची गोष्ट घरात काढणे आपल्याकडे अशुभ मानतात. परंतु ती वेळीच न काढल्याने अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांत जे वाद होतात, ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कागदाचे मोल सांगावे लागणार नाही.

हे सारे डॉक्टरांच्या कर्तव्यांविषयी झाले. आपलीही काही कर्तव्ये आहेत. रोगी दगावला की काचा फोडणे, निवासी डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणे, हे आपल्या राज्यात इतके वाढले की २०१० साली त्यासाठी वेगळा कायदा करून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि नासधुशीच्या दुप्पट भरपाईची तरतूद करावी लागली. सलग छत्तीस तास जागलेल्या तरुण डॉक्टरकडून शांतपणे समजावून सांगण्याची अपेक्षा करणाऱ्या समाजाने, त्याला तेवढा अवधी मिळेल एवढे डॉक्टर आणि एवढ्या खाटा आपण पुरवल्या आहेत काय, हाही प्रश्न स्वतःला आणि आपल्या सरकारला विचारला पाहिजे. न्याय हे चौथे तत्त्व येथेच लागू होते.

आत्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शल्यचिकित्सक फेरीला आले. तिने त्यांना थांबवले आणि म्हणाली, "डॉक्टर, सही भाच्याने केली आहे. मला अजून काही कळलेलं नाही." त्यांनी हातातला कागद पाहिला, माझी सही पाहिली, आणि क्षणभर काही न बोलता खाटेशेजारचे स्टूल ओढून ते बसले. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी यकृत काढले, त्याच्याखाली पेरूएवढी पिशवी काढली, तिच्यात चार ठिपके दिले. चार छिद्रे कुठे पडतील, दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडावे का लागेल, पित्ताच्या नळीला क्वचित इजा कशी होते, आणि शस्त्रक्रिया नाकारली तर काय होऊ शकते, हे त्यांनी मराठीत, सावकाश सांगितले. आत्याने तीन प्रश्न विचारले, तिसरा होता, "पिशवी काढल्यावर भाकरी पचेल ना?" त्याचेही उत्तर त्यांनी तितक्याच गांभीर्याने दिले. या सर्वाला घड्याळाची आठ मिनिटे लागली. मग त्यांनी परिचारिकेकडून नवा कागद मागवला, शस्त्रक्रियेचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले आणि पेन तिच्यापुढे धरले. आत्याने चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि आपले संपूर्ण नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या गावासकट, एकेक अक्षर जोडत लिहिले. आदल्या दिवशीचा माझ्या सहीचा कागद डॉक्टरांनी फाडून टाकला.